मेम्ब्रेन बनवायला घेताय? आधी पाण्याचा हिशोब करा

फ्युएल सेलच्या (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणारा सेल, मेम्ब्रेन म्हणजे त्यातला मधला पॉलिमरचा पातळ पडदा) लॅबमधे नवीन आलेल्या जवळपास प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एकच आयडिया सुचते, मलाही सुचलेली. प्रोटॉन पुढे ढकलतो तो सल्फोनिक ॲसिड ग्रुप, मग पॉलिमरवर जितके जास्त ग्रुप लावू तितकी कंडक्टिव्हिटी जास्त, सोपंय की! म्हणून मी पीक नावाचं प्लास्टिक (खायचं पीक नाही, पॉलिइथर इथर कीटोन) कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिडमधे टाकलं, शुक्रवारी संध्याकाळी, ५० डिग्रीला, आणि निवांत घरी गेले. सोमवारी ते बर्फाच्या पाण्यात ओतलं तर जे पांढरे धागे पडायला हवे होते त्याऐवजी तळाशी पारदर्शक चिकट काहीतरी बसलं, फिल्टर पेपरमधून थेंब खाली उतरेना, आणि धुवायला घेतलं तसं ते अजून फुगत गेलं. आमच्या लॅबचे अटेंडंट काका डोकावून म्हणाले, "ताई, खळ केलीय का?" खळच होती ती. पाच ग्रॅम महागडं पॉलिमर, सुती साडीला लावायच्या लायकीचं.

ग्रुप लावणं सोपं असतं, एक गरम ॲसिडची फ्लास्क पुरते. अवघड काय, तर ते ग्रुप जे पाणी ओढून आणतात त्याला कुठे आणि किती बसवायचं. खाली जे लिहितेय ते एमएससी प्रोजेक्टवाले, नवीन जेआरएफ, नाहीतर केमिकल इंजिनिअरिंग करून या बाजूला वळलेले, अशांना डोळ्यासमोर ठेवून. साध्या लॅबमधे, ग्लोव्ह बॉक्स वगैरे नसताना, पहिलं मेम्ब्रेन कसं करायचं आणि मग त्यात डिझाइन म्हणून काय बदलायचं.

प्रोटॉन जातो कसा

मेम्ब्रेनची कामं तीन. प्रोटॉन जाऊ द्यायचे, इलेक्ट्रॉन अडवायचे (ते बाहेरच्या वायरमधून गेले तरच वीज मिळणार), आणि हायड्रोजन-ऑक्सिजन एकमेकांना भेटू द्यायचे नाहीत. आणि हे सगळं हजारो तास, ॲसिडमधे, गरम-गार, ओलं-सुकं होत होत.

घराचा स्लॅब पडताना पाहिलाय ना? माणसं शिडीवर रांगेत उभी, घमेलं हातोहात वर जातं, माणूस जागचा हलत नाही. प्रोटॉन पाण्यात मुख्यतः असाच जातो, एका पाण्याच्या रेणूने घेतला, दुसऱ्याला दिला, याला ग्रोथस मेकॅनिझम म्हणतात, त्या नावाच्या माणसाने १८०६ मधे पाण्याच्या विद्युत अपघटनासाठी ही हातोहातची कल्पना मांडलेली. दुसरी पद्धत म्हणजे एकच माणूस घमेलं डोक्यावर घेऊन स्वतः चालत जातो, ते व्हेइकल मेकॅनिझम, प्रोटॉन पाण्याच्या रेणूला चिकटून अख्खा रेणूच सरकतो. मेम्ब्रेनमधे पाणी कमी झालं की रांगेत गॅप पडतात, हातोहात बंद होतं, मग सगळा भार चालणाऱ्यांवर. म्हणून सुकलेल्या मेम्ब्रेनची कंडक्टिव्हिटी दोन-चार टक्क्यांनी नाही, कित्येक पटींनी पडते.

यावरून एक आकडा कायमचा लक्षात ठेवा, लॅम्डा: एका सल्फोनिक ग्रुपमागे पाण्याचे किती रेणू. पेपर वाचताना 'वॉटर अपटेक ४० टक्के' वाचून काहीच कळत नाही, लॅम्डा काढला की दोन वेगळी पॉलिमर शेजारी ठेवता येतात.

नाफिऑनला सगळे देव का मानतात

१९६५ च्या ऑगस्टमधे नासाच्या जेमिनी ५ यानात जनरल इलेक्ट्रिकचा पॉलिमर मेम्ब्रेनवाला फ्युएल सेल गेला. त्यातलं मेम्ब्रेन पॉलिस्टायरीनला सल्फोनिक ग्रुप लावलेल्या जातीचं होतं, आणि त्याचं आयुष्य कमी. कारण शिकण्यासारखंय. सेल चालताना थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल, आणि पॉलिस्टायरीनच्या साखळीत बेन्झिन रिंगच्या शेजारच्या कार्बनवर जो हायड्रोजन असतो तो या रॅडिकलला आयता घास. तो उचलला की साखळी तुटायला सुरुवात.

मग १९६० च्या दशकाच्या शेवटी ड्युपाँटमधे वॉल्टर ग्रॉट यांनी टेफ्लॉनचा कणा आणि त्याला लोंबणाऱ्या फ्लोरिनयुक्त फांद्यांच्या टोकाला सल्फोनिक ग्रुप, अशी रचना केली. तेच नाफिऑन. कार्बन-हायड्रोजनचे बंध जवळपास नाहीतच, सगळीकडे कार्बन-फ्लोरिन, रॅडिकलला खायला फारसं काही मिळत नाही.

पण त्याची खरी करामत दुसरीच आहे. टेफ्लॉनचा कणा पाण्याचा कट्टर वैरी, सल्फोनिक टोक पाण्यासाठी वेडं, दोघांना एकाच साखळीत बांधलं की ती आपापले कोपरे धरतात. पाणी काही नॅनोमीटर रुंदीच्या वाटांमधे गोळा होतं आणि त्या वाटा एकमेकींना जोडलेल्या असतात, बाकीचा भाग कोरडा राहून मेम्ब्रेनला ताकद देतो. या वाटांचा नेमका आकार कसा यावर लोक दशकानुदशकं भांडतायत, कोणी गोल पुंजके आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद नळ्या म्हणतं, २००८ मधे समांतर दंडगोलाकार नळ्यांचं मॉडेल आलं. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की ओलं आणि कोरडं यांची वाटणी जितकी स्वच्छ तितकं थोड्या पाण्यात काम भागतं.

नावातले आकडे पण समजून घ्या, इंटरव्ह्यूला विचारतात. नाफिऑन ११७ मधे ११ म्हणजे इक्विव्हॅलंट वेट ११००, म्हणजे ११०० ग्रॅम पॉलिमरमागे एक मोल सल्फोनिक ग्रुप, आणि ७ म्हणजे जाडी ७ मिल, साधारण १८० मायक्रॉन. २१२ ला हा हिशोब लावू नका, ते सोल्यूशनमधून कास्ट केलेलं, सुमारे ५१ मायक्रॉनचं.

मग आपण दुसरं काही का करतोय? महाग आहे, ८० डिग्रीच्या वर आणि कोरड्यात मान टाकतं, आणि फ्लोरिनवाल्या रसायनांच्या मागे युरोपातले नियम लागलेत, २०२३ च्या जानेवारीत पाच देशांनी मिळून या पूर्ण कुटुंबावर निर्बंध घालायचा प्रस्ताव दिलाय. म्हणून हायड्रोकार्बन मेम्ब्रेनचे दिवस परत आलेत.

आधी ठरवा सेल कुठे चालणार

नवीन पोरं पॉलिमर आधी ठरवतात आणि उपयोग नंतर शोधतात. उलटं करा.

गाडीसाठी, ६० ते ८० डिग्री, ओला गॅस: सल्फोनिक ॲसिडवाली मेम्ब्रेन. २०२० च्या ऑक्टोबरमधे पुण्याच्या एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सीएसआयआर आणि केपीआयटी कंपनीच्या ज्या प्रोटोटाइप कारची ट्रायल झाली तिचा स्टॅक (एकावर एक रचलेले सेल) या लो टेम्परेचर जातीचाच, ६५ ते ७५ डिग्रीला चालणारा.

१२० ते १८० डिग्री, पाण्याशिवाय: पॉलिबेन्झिमिडाझोल, थोडक्यात पीबीआय, फॉस्फोरिक ॲसिडमधे मुरवलेलं. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत केस वेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी हे पुढे आणलं. इथे पाण्याची जागा फॉस्फोरिक ॲसिड घेतं, हातोहात तेच करतं. फायदा म्हणजे हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला इतका छळत नाही. तोटा, सेल थंड झाला आणि आत पाणी साचलं की ॲसिड धुऊन निघतं, म्हणून रोज चालू-बंद होणाऱ्या गाडीसाठी मी तरी याच्या वाटेला जाणार नाही. अंबरनाथच्या एनएमआरएलने (नौदलासाठी मटेरियलवर काम करणारी सरकारी लॅब) पाणबुडीसाठी केलेली सिस्टीम फॉस्फोरिक ॲसिडचीच, पण तिला पीबीआय समजू नका. जुन्या जातीच्या फॉस्फोरिक ॲसिड सेलमधे ॲसिड साधारणपणे सिलिकॉन कार्बाइडच्या थरात धरून ठेवलेलं असतं, पॉलिमर मेम्ब्रेनमधे नाही.

तिसरं, अल्कलाइन, हायड्रॉक्साइड वाहणारी मेम्ब्रेन. त्याबद्दल खाली थोडंसं, पहिल्या प्रोजेक्टला घेऊ नका एवढंच आत्ता.

सुरुवातीला सल्फोनेटेड पीक घ्या, लॅबमधे सगळे नुसतं स्पीक म्हणतात. स्वस्त पडतं, एका रिॲक्शनमधे होतं, आणि मेम्ब्रेन ज्या ज्या प्रकारे बिघडू शकतं ते सगळे प्रकार हे एकटं शिकवतं.

कागद-पेन

फ्लास्कला हात लावायच्या आधी हे गणित करा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि आयुष्यातले दोन महिने वाचवतं.

पीकच्या एका युनिटचं वजन २८८. त्यावर सल्फोनिक ग्रुप बसला की ८० ने वाढतं, ३६८. समजा १०० पैकी ६५ युनिटवर ग्रुप बसले, म्हणजे डिग्री ऑफ सल्फोनेशन ०.६५. मग आयन एक्स्चेंज कपॅसिटी, आयईसी (एका ग्रॅम पॉलिमरमागे किती ग्रुप), म्हणजे १००० गुणिले ०.६५ भागिले (२८८ अधिक ५२), उत्तर १.९१ मिलीइक्विव्हॅलंट प्रति ग्रॅम. सगळ्या युनिटवर एकेक बसला तर २.७२, ही कमाल मर्यादा पक्की लक्षात ठेवा, पुढे एका चोराला पकडायला उपयोगी पडणारे.

नाफिऑन ११७ चं आयईसी ०.९१. म्हणजे स्पीकमधे ग्रुप दुप्पट, तरी कंडक्टिव्हिटी जेमतेम तेवढीच, का? दोन कारणं. फ्लोरिनच्या शेजारचा सल्फोनिक ग्रुप सुपरॲसिड असतो, प्रोटॉन सहज सोडतो, बेन्झिन रिंगवरचा तेवढा उदार नाही. आणि स्पीकचा कणा पाण्याचा तेवढा वैरी नाही, त्यामुळे वाटणी अर्धवट होते, वाटा अरुंद, फाटे फुटलेल्या, पुण्यातल्या पेठांसारख्या, कुठलीतरी गल्ली एका वाड्यात जाऊन संपते. अजून एक बारीक गोष्ट जी पेपरमधे बरेचदा गाळतात: नाफिऑनची घनता २ च्या आसपास, स्पीकची १.३-१.४. वजनावर नाही, आकारमानावर तुलना केली तर नाफिऑन १.८ आणि स्पीक २.५ च्या आसपास, दुप्पट नाही, दीडपटीच्याही खाली.

दुसरं गणित जाडीचं. मेम्ब्रेनचा रेझिस्टन्स म्हणजे जाडी भागिले कंडक्टिव्हिटी. ओल्या नाफिऑनची ०.१ सीमेन्स प्रति सेंटिमीटर धरा. ११७ साठी ०.०१८ भागिले ०.१, ०.१८ ओहम चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला १८० मिलिव्होल्ट तिथेच गेले. २१२ साठी फक्त ५० च्या आसपास. कंडक्टिव्हिटी दुप्पट करायला लोक पीएचडी घालवतात, आणि जाडी अर्धी केली की तोच फायदा! टोयोटाच्या मिराईत गोअरचं पातळ, आतून टेफ्लॉनच्या जाळीचा आधार दिलेलं मेम्ब्रेन आहे ते याचसाठी. अर्थात पातळ केलं की गॅस झिरपतो आणि भोक पडायची भीती वाढते, फुकट काहीच नसतं.

ॲसिडचा दिवस

आधी काळजीचं. कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकपुढे निळे पातळ नायट्राइल ग्लव्ह्ज टिकत नाहीत, जाड निओप्रीनचे घाला, चेहऱ्यावर शील्ड, ॲप्रन, फ्यूम हूड चालू. ॲसिड पाण्यात, कधीच पाणी ॲसिडमधे नाही, हे दहावीत शिकलेलं इथे खरंच लागतं.

पीकची पावडर रात्रभर १०० डिग्रीला व्हॅक्युममधे वाळवा. ९५ ते ९८ टक्क्यांचं ॲसिड १०० मिली, त्यात ५ ग्रॅम पावडर, एकदम नाही, थोडी थोडी, नाहीतर गुठळ्या होतात, बेसन कालवताना होतात तशा, आणि गुठळीच्या आत सल्फोनेशन होत नाही. मॅग्नेटिक स्टररवर विसंबू नका, नंतर सोल्यूशन घट्ट होतं आणि स्टरर नुसता थरथरतो, वरून फिरणारा मेकॅनिकल स्टरर लावा. आधी रूम टेम्परेचरला विरघळू द्या, मग ५० डिग्री. तापमान दोन-तीन डिग्री इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो म्हणून ऑइल बाथ, हीटिंग मँटल नको.

आता वेळ. दुसऱ्याच्या पेपरमधला वेळ कॉपी करू नका, तुमच्या पावडरचे दाणे वेगळे, ॲसिडची बाटली किती दिवस उघडी पडलेली कोण जाणे. दर तासाला थोडं सॅम्पल काढा, बर्फाच्या पाण्यात टाका, धुवा, वाळवा, टायट्रेट करा. एकदा हा ग्राफ तुमच्या लॅबमधे तुम्ही काढलात की पुढची सगळी वर्षं तो वापरता येतो. ५० डिग्रीला काही तासांचं काम, रूम टेम्परेचरला काही दिवसांचं. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करू नका.

डिग्री ऑफ सल्फोनेशनचं टार्गेट ०.६ ते ०.७. यात मेम्ब्रेन प्रोटॉन वाहून पण नेतं आणि उभं पण राहतं. ०.८ च्या वर गेलात की गरम पाण्यात भयंकर फुगतं, १ च्या जवळ थेट विरघळतं. साबुदाण्याचं गणित डोळ्यासमोर आणा, पाणी कमी पडलं तर दाणा टणक, जास्त झालं तर गोळा, आणि दोघांच्या मधली पट्टी अरुंद.

रिॲक्शन थांबवायची म्हणजे भरपूर बर्फाच्या पाण्यात, सतत ढवळत, बारीक धारेने ओतायचं, शेव पाडतो तसे पांढरे धागे पडले पाहिजेत. मग धुणं, आणि हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. धुतलेल्या पाण्याचा पीएच ६-७ येईपर्यंत, कधी दहा वेळा. पाणी डीआयच (आयन काढून टाकलेलं) वापरा. नळाचं किंवा बोअरचं वापरलंत तर त्यातले सोडियम-कॅल्शियम गुपचूप प्रोटॉनच्या जागा बळकावतात, मग कंडक्टिव्हिटी का पडली म्हणून महिनाभर डोकं खाजवत बसायचं. ६० डिग्रीला व्हॅक्युममधे वाळवा.

फिल्म कास्ट करणं

किती पॉलिमर लागेल? १० बाय १० सेंटिमीटरची काच, ५० मायक्रॉन फिल्म, म्हणजे अर्धा घन सेंटिमीटर, घनता १.३५ धरून साधारण ०.७ ग्रॅम. ते ५ ते १० टक्के सोल्यूशन होईल इतक्या सॉल्व्हंटमधे विरघळवा, डीएमएसी किंवा डीएमएसओ. डीएमएफ टाळा, गरम असताना ॲसिड ग्रुपच्या संगतीत ते फुटून त्यातून डायमिथाइल अमाइन निघतं आणि तेच तुमच्या सल्फोनिक ग्रुपला चिकटून बसतं. डीएमएसी आणि एनएमपी (हेही तसंच एक सॉल्व्हंट) दोन्ही गर्भाला घातक मानली जातात, उघड्या टेबलवर कास्टिंग करणाऱ्या सीनियरचं अजिबात ऐकू नका, तो कितीही अनुभवी असला तरी.

सोल्यूशन गाळून घ्या, बुडबुडे जाईपर्यंत तसंच ठेवा. ओव्हनमधली जाळी लेव्हलमधे आहे का ते गवंड्याच्या स्पिरिट लेव्हलने तपासा, हसू नका, माझी पहिली चार मेम्ब्रेनं एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ९० मायक्रॉन आली होती. ६०-८० डिग्रीला हळूहळू, मग व्हॅक्युममधे १००-१२०. घाई केली की वरती पापुद्रा धरतो आणि आतलं सॉल्व्हंट बुडबुडे काढत बाहेर येतं.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर पुण्यात-मुंबईत जो कोणी उघड्यावर कास्टिंग करतो त्याची फिल्म ढगाळ पांढरी येणार हे लिहून घ्या. ही सॉल्व्हंट हवेतली वाफ शोषतात, पाणी आत शिरलं की पॉलिमर आधीच बाहेर पडायला लागतं आणि आत बारीक छिद्रं राहतात. फिल्म काचेसारखी पारदर्शक, किंचित पिवळसर असली पाहिजे. पांढरी आली तर टेस्ट करण्यात वेळ घालवू नका, परत विरघळवा.

काच पाण्यात बुडवली की फिल्म आपोआप सुटते. मग १ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमधे दिवसभर, म्हणजे अडकलेलं अमाइन, सोडियम वगैरे निघून सगळे ग्रुप परत प्रोटॉनवर येतात, आणि मग परत डीआय पाण्यात दिवसभर, पाणी बदलत.

मोजमाप, आणि स्वतःला कसं फसवायचं नाही

आयईसी: वाळलेला तुकडा नीट वजन करून २ मोलर मीठाच्या पाण्यात २४ तास, सोडियम आत जातो आणि प्रोटॉन बाहेर येतात, ते फिनॉल्फ्थॅलीन टाकून सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचे. ०.२ ग्रॅमचा तुकडा, आयईसी १.९, तर ०.३८ मिलीमोल, म्हणजे ०.०५ मोलर अल्कलीचे ७.६ मिली लागायला हवेत. मगाशी म्हटलं होतं तो चोर इथे सापडतो: तुमचं उत्तर २.७२ च्या वर आलं तर अभिनंदन नाही, धुतलं नाहीये नीट, मोकळं ॲसिड आत बसलंय. आणि अपेक्षेपेक्षा बरंच कमी आलं तर नळाच्या पाण्यावर किंवा अमाइनवर संशय घ्या. एनएमआर मिळत असेल तर ७.५ पीपीएमच्या आसपासचा सिग्नल बघा, सल्फोनिक ग्रुपच्या शेजारच्या हायड्रोजनचा तो, त्यावरून डिग्री वेगळी काढता येते. दोन्ही आकडे जुळले की झोप चांगली लागते.

वॉटर अपटेक: ओलं वजन वजा सुकं, भागिले सुकं. ओलं वजन करताना वरचं पाणी टिपून घ्यायला किती सेकंद घेता त्यावर आकडा बदलतो, म्हणून नेहमी एकाच माणसाने, एकाच पद्धतीने. ३५ टक्के आणि आयईसी १.९ असेल तर लॅम्डा म्हणजे ३५० भागिले (१८ गुणिले १.९), १० च्या जवळ. सोबत लांबी-रुंदी किती वाढली तेही मोजा. नाफिऑन २१२ पाण्यात १०-१५ टक्के लांबीला वाढतं, तुमचं ४० टक्के वाढलं तर सेलमधे इलेक्ट्रोड सुटून येणार, कंडक्टिव्हिटी कितीही सुंदर असो.

कंडक्टिव्हिटी: इथे नवीन लोक हमखास फसतात. ५० मायक्रॉन मेम्ब्रेन दोन प्लेटच्या मधे आरपार मोजायला गेलात तर १ चौरस सेंटिमीटरला रेझिस्टन्स ०.०५ ओहम, तुमच्या वायर आणि क्लिपचाच त्याहून जास्त असतो, म्हणजे तुम्ही क्लिप मोजताय. म्हणून फोर प्रोब, आडवं: करंट बाहेरच्या दोन प्रोबमधून, व्होल्टेज आतल्या दोनवर. पट्टी १ सेंटिमीटर रुंद, आतल्या दोन प्रोबमधे १ सेंटिमीटर अंतर, जाडी ५० मायक्रॉन, तर ०.१ कंडक्टिव्हिटीला रेझिस्टन्स २००० ओहम येतो, आरामात मोजता येतो. फक्त जाडी ओल्या मेम्ब्रेनची घ्या, सुक्याची घेतलीत तर उत्तर फुगून येतं. आणि बाजूला नाफिऑनचा तुकडा त्याच दिवशी, त्याच सेलमधे मोजा, तो ०.०८ ते ०.१ च्या आसपास आला नाही तर आधी सेल दुरुस्त करा.

एकदा पाण्यात, एकदा ५० टक्के आर्द्रतेला मोजा. पाण्यात स्पीक नाफिऑनच्या खांद्याला खांदा लावतं, कोरड्यात मात्र झपकन खाली येतं. रिव्ह्यूअर हेच विचारतो.

मेम्ब्रेन रॅडिकलपुढे किती टिकतं ते बघायची फेंटन टेस्ट म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, त्यात काही पीपीएम फेरस आयन, ८० डिग्री, आणि मेम्ब्रेन कधी तुटतं ते बघायचं. स्पीक काही तासांत तुकडे होतं, घाबरू नका. ही टेस्ट हायड्रोकार्बनवर जरा अन्याय करते, कारण खऱ्या सेलमधे त्यातून गॅस कमी झिरपतो म्हणून पेरॉक्साइडही कमी बनतं, इथे आपण ते बाहेरून ओततोय. आपल्याच दोन मेम्ब्रेनची तुलना करायला ठीक.

आता डिझाइन

वरचं सगळं जमलं की मग खरं काम, थोड्या पाण्यात जास्त वाहतुकीचं. माझ्या मते उपयोगी पडायच्या क्रमाने सांगते.

ग्रुप कुठे बसतात ते बदला. गरम ॲसिडने केलेलं सल्फोनेशन साखळीवर कुठेही शिंपडलं जातं. त्याऐवजी आधीच सल्फोनेटेड मोनोमर घेऊन ब्लॉक कोपॉलिमर करा, एक लांब पट्टा पूर्ण पाणीवाला, पुढचा पूर्ण कोरडा, म्हणजे वाटणी साखळीतच लिहिलेली. किंवा ग्रुप मुख्य कण्यावर न लावता लांब लवचिक फांदीच्या टोकाला लावा, नाफिऑनची नक्कल. सिंथेसिसला वेळ जातो, पण त्याच आयईसीला कंडक्टिव्हिटी सुधारते आणि हेच डिझाइनचं यश.

आधार द्या. सच्छिद्र टेफ्लॉनच्या पातळ जाळीत पॉलिमर भरायचं, मग ते आडवं फुगू शकत नाही. ऐकायला साधं आहे म्हणून लोक याला संशोधन मानत नाहीत, गाड्या मात्र यावरच चालतात. सोबत थोडं सिरियम, ते रॅडिकलना मधेच गिळतं आणि परत पूर्वपदावर येतं. जास्त घातलंत तर सिरियम स्वतःच सल्फोनिक जागा अडवतं.

क्रॉसलिंकिंग (साखळ्या एकमेकींना बंधांनी बांधणं) फुगणं थांबवतं, पण बहुतेक पद्धतींत सल्फोनिक ग्रुपच खर्ची पडतात आणि फिल्म वाळल्यावर पापडासारखी मोडते, जपून.

आणि शेवटी फिलर, सिलिका, टायटानिया, ग्राफीन ऑक्साइड. इथे माझी तक्रार आहे. दर आठवड्याला नवीन फिलरचा पेपर, प्रत्येकात ३ टक्क्याला कंडक्टिव्हिटी वाढते आणि ५ ला पडते, आणि नुसतं पॉलिमर मात्र मुद्दाम वाईट कास्ट केल्यासारखं. सहा महिन्यांत पेपर हवा असेल तर करा, शिकायला काही मिळेल याची खात्री मी देत नाही.

अल्कलाइन वाल्यांसाठी दोन गोष्टी. तिथे दोन शत्रू असतात, अमोनियम ग्रुपला हायड्रॉक्साइड फोडतं, आणि कण्यात इथरचे जोड असतील तर ते पण तोडतं. म्हणून आपलं लाडकं पीक तिथे कामाचं नाही, इथरशिवायचे कणे आणि पिपरिडिनियमसारखे रिंगवाले ग्रुप घ्या, २०१५ नंतर गाडी त्या दिशेने गेलीय. आणि मोजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड काही मिनिटांत हायड्रॉक्साइडचं बायकार्बोनेट करतो, मग तुम्ही मोजताय एक आणि लिहिताय दुसरं.

सेलमधे पहिल्यांदा

पहिल्यांदा तुमचं मेम्ब्रेन लावताना कॅटलिस्टचे इलेक्ट्रोड विकतचे घ्या, दोन अनोळखी गोष्टी एकदम टेस्ट करू नका. बहुतेक इलेक्ट्रोडमधे बाइंडर नाफिऑनचा असतो, तो स्पीकला मनापासून चिकटत नाही, दोघांचं फुगणं वेगळं, म्हणून हॉट प्रेस करताना मेम्ब्रेन अगदी कोरडं नको, किंचित दमट असू द्या आणि दाब बेताचा.

हायड्रोजन सोडायच्या आधी नायट्रोजनने लीक तपासा. मग हायड्रोजन आणि हवा, लोड न लावता व्होल्टेज बघा. ०.९५ च्या आसपास स्थिर राहिलं तर चहा प्यायला हरकत नाही. ०.८५ वर येऊन हळूहळू घसरत असेल तर भोक आहे किंवा गास्केटने कडेला कापलंय, हायड्रोजन लगेच बंद करा, नायट्रोजन फिरवा, सेल उघडा आणि मेम्ब्रेन उजेडासमोर धरून बघा. भोक बहुतेक वेळा कडेलाच सापडतं, गास्केटच्या रेषेवर.